गोडाचं गाऱ्हाणं

नर्मदाबाई मयेकरांना साखर झाल्याची बातमी त्यांच्याआधी निलेशच्या दुकानात पोहोचली. रिपोर्ट आणायला मालवणला त्यांचे यजमान सत्यवान गेले होते, आणि घाबरले की वाटेत भेटेल त्याला सांगत सुटायचं ही सत्यवानांची जन्माची खोड. एसटीत कंडक्टरला सांगून झालं, तिठ्यावर रिक्षावाल्याला सांगून झालं, निलेशकडे सुपारी घेताना दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून झालं. घरी येऊन बायकोला सांगायची वेळ आली तेव्हा त्यांचा घसा बसला होता. नर्मदाबाईंनी मुकाट्याने रिपोर्ट वाचला आणि जेवायला वाढायला घेतलं.

एवढ्यावर भागलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण बायको आपलं ऐकणार नाही, तिच्या पानातला लाडू आपल्याला उचलता येणार नाही, हे सत्यवानांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी वरच्या कोर्टात जायचं ठरवलं. त्या वर्षी जत्रेला त्यांनी रवळनाथापुढे नारळ ठेवला आणि बाळा गावकराला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. बाळा म्हणजे देवस्थानचा मानकरी. आमच्याकडे देवाशी कोणी परस्पर बोलत नाही. मानकरी सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेला गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणून मान्यता देतो. एकदा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला की ते कलम पक्कं झालं.

नर्मदाबाई त्या वेळी बांगड्यांच्या दुकानासमोर उभ्या होत्या. देवळावरच्या भोंग्यातून बाळाचा आवाज आला.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या बायलेक, नर्मदा सत्यवान मयेकर हिका, साखर लागली आसा, ती आटोक्यात ठेव.”

“व्हय म्हाराजा.”

“तिच्या तोंडात गोड जाता नये.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि जो कोण तिका गोड देयत, मगे तो घरचो असो नायतर दारचो, तेका तू बघून घे.”

ह्या तिसऱ्या वाक्याला गाव इतक्या जोरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला की कासाराच्या हातातली बांगडी पिचली. मालवणच्या सरकारी कचेरीत उभा जन्म काढलेल्या, साहेबालासुद्धा टिपण दुरुस्त करून पुन्हा आणायला लावणाऱ्या नर्मदाबाईंचा आजार असा भोंग्यावरून, पूर्ण नावानिशी, अख्ख्या पंचक्रोशीत जाहीर झाला. त्या तडक घरी आल्या आणि नवऱ्याशी प्रमाण मराठीत बोलू लागल्या. त्या रागावल्या की मालवणी सोडून कचेरीच्या भाषेत शिरतात, आणि ती भाषा ऐकली की सत्यवानांना जेवण जात नाही.

“सदर निर्णय घेण्यापूर्वी माझं म्हणणं ऐकून घेतलं होतं का?”

“नाय,” सत्यवान म्हणाले.

त्या दिवसापासून गावाने नर्मदाबाईंवर पहारा बसवला. कलमाची मेख अशी होती, की देव बघणार होता ते देणाऱ्याला. खाणारीला कसलंच भय नव्हतं. त्यामुळे जो तो स्वतःच्या जिवाला जपत होता. लग्नात वाढपी जिलेबी घेऊन येई आणि त्यांच्या पानाशी आला की शेजारणीकडे उडी मारी. सत्यनारायणाला त्यांच्या हातावर नुसतं तुळशीचं पान पडे. नर्मदाबाई हे सगळं सोसत होत्या, कारण पथ्य तर पाळायचंच होतं, आणि बाकीचे अपमान त्या नंतर एकदम वसूल करणार होत्या.

मग डॉक्टरीणबाईंनी व्यायाम सांगितला. पहिल्यांदा त्या चालायला लागल्या. पण आमच्या गावात बाईमाणसाने कामाशिवाय रस्त्यावरून चालणं म्हणजे सगळ्यांना थांबवून घ्यायचं आमंत्रण. प्रत्येक कुंपणाशी कोणी ना कोणी विचारी, “काय गो, साखर कितकी आसा?” शेजारच्या हौसाबाई तर फाटकातच खुर्ची टाकून बसत. त्यांनी कारल्याचा रस सांगितला, जांभळाच्या बियांची पूड सांगितली, आणि एकदा उशाखाली मेथी ठेवून निजायला सांगितलं. चालून जेवढी साखर उतरे तेवढी ह्या थांब्यांवर चढत असावी, असं नर्मदाबाईंचं मत झालं.

आणि एका सकाळी बांधावर उभ्या असताना त्यांचं लक्ष समुद्राकडे गेलं. माघ महिना, पाणी तेलासारखं संथ. बाहेर म्हातारीचा खडप, पाण्यातून पाठ वर काढलेला तो मोठा काळा खडक, अगदी हाताशी वाटत होता. लग्नाआधी त्या तिथपर्यंत पोहत जात आणि शिंपल्यांनी गुडघे खरचटून परत येत. समुद्रात कुंपण नाही, फाटक नाही, हौसाबाईंची खुर्ची नाही. नर्मदाबाईंनी तिथल्या तिथे ठरवलं, आपण पोहायचं, आणि खडपाला हात लावून यायचं. साखर झाल्यापासून त्या जणू काचेच्या झाल्या होत्या, उचल-ठेव करायच्या. त्यांना पुन्हा हाडामांसाचं व्हायचं होतं.

डॉक्टरीणबाईंना कल्पना आवडली, पण त्यांनी अटी घातल्या. पोहण्याच्या सकाळची गोळी त्यांनी कमी करून दिली.

“पाण्यात उतरण्याआधी, तिथेच, बोट टोचून साखर बघायची. शंभराच्या खाली असेल तर आधी खायचं. पायात रबरी बूट. एकटीने जायचं नाही, सोबत होडी हवी. आणि होडीत साखर हवी. ग्लुकोज असेल तर उत्तम. साखर एकदम उतरली की हात कापतात, भूक लागते, चिडचिड होते. तसं वाटलं की लगेच तोंडात टाकायची.”

“चिडचिडीवरून हिचा कायेक समजाचा नाय,” सत्यवान हळूच म्हणाले.

पोहण्याचा पोशाख नर्मदाबाईंनी मोबाइलवरून मागवला. गावातली पार्सलं निलेशच्या दुकानात उतरतात. त्याने चुकून आपलं समजून फोडलं आणि मनगटापासून घोट्यापर्यंतचा तो काळा पोशाख दुकानाच्या दारात आडवा धरून बघितला. संध्याकाळपर्यंत निम्मा गाव बघून गेला. हौसाबाईंनी कापड चिमटीत धरून विचारलं, “ह्यां पावसाक बरा पडात. पण उन्हाळ्यात कशाक गो?” नर्मदाबाईंनी पार्सल काखेत मारलं आणि मान ताठ ठेवून घरी आल्या. उंबऱ्याला ठेच लागली ती कोणी बघितली नाही.

खरी पंचाईत साखरेची झाली. घरातला डबा सत्यवानांनी केव्हाच हद्दपार केला होता. निलेशने तर हात जोडले.

“काकी, माका नको गो सांगू. त्या वेळाक मी पुढ्यातच उभो होतंय. सगळ्यांपेक्षा मोठ्यान व्हय म्हाराजा म्हटलंय.”

मग नर्मदाबाईंनी मालवणला जाऊन औषधांच्या दुकानातून ग्लुकोज आणलं. आपला देव गावच्या शिवेबाहेरच्या माणसाला बघायला जात नाही, हा मुद्दा त्यांनी एसटीतच पक्का केला होता. पण होडीवाला धोंडू निलेशच्याही पुढे निघाला.

“काकी, होडी तुमची, मी तुमचो. पण ती पुडी होडीत नको. पाण्यात तुमका ती देवची लागली तर देतलो कोण? मीच. आणि माका रोज दर्यात जावचा आसता.”

सोबतीला सत्यवान होडीत बसायला तयार झाले. किनाऱ्यावर जन्म, मुंबईच्या गोदीत सगळी नोकरी, पण घोट्याच्या वर पाण्यात कधी गेलेले नाहीत. होडी वाळूवर असतानाच त्यांना मळमळू लागे. पण तेही देणारेच ठरले असते, आणि कलमात ‘घरचो’ हा शब्द पहिला होता. तेव्हा पहिल्या दिवशी नर्मदाबाईंनी ग्लुकोज प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात बांधलं आणि काठाकाठाने पोहल्या. अंग विसरलं नव्हतं. दम लागत होता, खांदे ओरडत होते, पण पाण्याने त्यांना ओळखलं होतं. बाहेर येऊन बघतात तो पिशवीत समुद्र शिरलेला. चाखून बघितलं तर जुलाबावर देतात ते औषध तयार झालं होतं.

मग एकच मार्ग उरला. गाऱ्हाण्यात दुरुस्ती.

नर्मदाबाई देवळात गेल्या आणि बाळा गावकराला त्यांनी प्रकरण समजावून सांगितलं. मूळ गाऱ्हाण्यातल्या तिसऱ्या वाक्यात ‘औषध म्हणून दिलेली साखर वगळून’ एवढे शब्द घालायचे, बाकी मजकूर कायम. बाळाने कान खाजवला.

“वैनी, देवाक असा मधी मधी घालूक येणा नाय. त्यासाठी बारा-पाच जमूक व्हये.”

बारा-पाच म्हणजे सगळे मानकरी. त्यातला एक मुंबईला लेकीकडे, एक रोज गोव्याला औषधांच्या कारखान्यात कामाला, आणि एकाने दुसऱ्याशी नारळाच्या झाडावरून बोलणं टाकलेलं. ते जमेपर्यंत शिमगा आला. शिमग्यात देवाला वेगळं काही विचारत नाहीत. शिमगा सरला तर बाळाच्या भावकीत सुतक आलं. कचेरीतल्या आपल्या सगळ्या आयुष्यात इतकी पक्की अडवणूक आपल्याला कधी साधली नव्हती, हे नर्मदाबाईंनी मनातल्या मनात कबूल केलं. त्यांना थोडी असूयाही वाटली.

शेवटी एकदाचे सगळे जमले. देवाला कौल लावायचं ठरलं. मूर्तीवर दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवतात, उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. बाळाने हात जोडून विचारलं, “देवा म्हाराजा, नर्मदान गोड खावचा काय?”

डावी पाकळी टपकन पडली.

“प्रश्नच चुकीचा आहे,” नर्मदाबाई उभ्या राहिल्या. “असं विचारल्यावर माझ्या डॉक्टरीणबाईसुद्धा डावाच कौल देतील. देवाने बरोबर उत्तर दिलंय. प्रश्न असा हवा होता, की पोहताना जीव जायची वेळ आली तर हिला साखर द्यावी की नाही.”

मुद्दा सगळ्यांना पटला होता आणि तीच अडचण होती. बाळा म्हणाला, “बरोबर आसा वैनी. पण एकदा कौल घेतलेली गोष्ट परत विचारूची ती आता चतुर्थीनंतर.”

चतुर्थीपर्यंत समुद्र खवळलेला असणार होता. नर्मदाबाईंनी देवाला नमस्कार केला, पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “येत्या रविवारी सकाळी मी खडपाक हात लावून येतलंय. ज्येका बघूचा आसा त्येणी येवचा.”

आमच्या गावाला असं आव्हान फुकट देऊ नये. रविवारी किनाऱ्यावर जत्रेएवढी माणसं होती. नर्मदाबाईंनी ग्लुकोजवर पिशवीत पिशवी घालून, रबर गुंडाळून, सुतळीने अशा गाठी मारल्या होत्या की पाण्याचा थेंब शिरायची छाती नव्हती. साखर त्यांनी घरीच बघितली, चांगली होती. भाकरीही खाल्ली. पण किनाऱ्यावर आल्यावर हौसाबाईंनी पोशाखाभोवती प्रदक्षिणा घातली, निलेशने फोटो काढले, बाळाने चार शब्द बोलायचे म्हणून चाळीस बोलले, आणि ऊन चांगलंच वर आलं. पुन्हा बोट टोचायला हवं हे नर्मदाबाईंच्या लक्षात होतं. यंत्र होडीत पत्र्याच्या डब्यात होतं. पण अख्ख्या गावासमोर बोट टोचून घ्यायचं, आणि हौसाबाईंनी वाकून ‘कितकी गो’ विचारायचं, हे त्यांच्याने होईना. त्या तशाच पाण्यात शिरल्या.

अर्धं अंतर झकास गेलं. बाजूला धोंडू वल्हवत होता आणि सत्यवान डोळे मिटून होडीची कड धरून बसले होते. नर्मदाबाई पोहता पोहता दोघांना सूचना देत होत्या. होडी डावीकडे घे, सावली माझ्यावर पाडू नको, तुम्ही डोळे उघडा, आकाशाकडे बघा. मग खडप जवळ यायच्या ऐवजी लांब जातोय असं त्यांना वाटू लागलं. त्याचा त्यांना राग आला आणि त्या खडपाला दोन शब्द बोलल्या. सत्यवानांना त्यात काही वावगं वाटलं नाही. रोजची सवय म्हणून त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, “परत फिरूया गो?”

“फिरूया,” नर्मदाबाई म्हणाल्या.

सत्यवानांचे डोळे खाडकन उघडले. लग्न झाल्यापासून बायकोने त्यांचं पहिल्या वाक्याला कधी ऐकलं नव्हतं. ते ओरडले, “धोंडू, होडी लाव. हिची साखर उतरली.”

नर्मदाबाईंनी होडीची उलांडी, म्हणजे तोल सांभाळायला बाजूला असतो तो लाकडाचा ओंडका, दोन्ही हातांनी कवटाळली. हात असे कापत होते की उलांडी वाजत होती. गळ्यातल्या पिशवीची गाठ त्यांना दिसत होती, पण बोटं सांगितलेलं ऐकत नव्हती. सत्यवान होडीतून ओणवे झाले, त्यांनी गाठीला दात लावले, तर कवळी सुतळीत अडकली. ती त्यांनी ओढून खिशात टाकली, आणि खिशात गेलेला हात तिथेच थबकला.

खिशात खाजा होता. गुळात घोळवलेल्या, आल्याच्या वासाच्या त्या बेसनाच्या कांड्या. घरातून गोड हद्दपार केल्यापासून सत्यवान माडाच्या आड उभे राहून गुपचूप खाजा खात होते. बायकोला कळलं तर काय होईल ह्या भयाने त्यांची झोप उडाली होती. आता त्यांनी अख्खी पुडी बायकोसमोर बाहेर काढली.

“काका, नको,” धोंडू म्हणाला. “गाऱ्हाणा तुमीच घातलेला.”

“तू तकडे बघ.”

धोंडूने पाठ फिरवली. सत्यवानांनी कांडी बायकोच्या तोंडाशी धरली. “बेसन नको चावू. वरचो गूळ चोख. चोख गो माझे बाय.”

नर्मदाबाईंनी चोखला. सत्यवान दुसरी कांडी पुढे करत होते आणि तोंडाने रवळनाथाला काहीतरी पुटपुटत होते. ते माफी मागत होते की भांडत होते हे धोंडूला कळलं नाही. पण पाठमोऱ्या धोंडूने मासे कापायची सुरी हळूच मागे सरकवली. “मी सुरी दिलंय,” तो समुद्राला उद्देशून म्हणाला. “साखर देवक नाय.” सत्यवानांनी पिशवी फाडली आणि ग्लुकोजचा बकाणा बायकोच्या तोंडात भरला.

मग दोघांनी मिळून त्यांना होडीत ओढून घेतलं. सत्यवानांनी स्वतः त्यांचं बोट टोचलं. यंत्रावरचा आकडा बघून त्यांनी तो मोठ्याने वाचला नाही. जन्मात पहिल्यांदा सत्यवानांनी एक बातमी स्वतःपाशी ठेवली. नर्मदाबाई टॉवेल गुंडाळून बसल्या, खाजा खाल्ला, बरोबर आणलेली भाकरी खाल्ली, आणि हाताचं कापरं थांबलं तशा बोलू लागल्या. पुन्हा टोचलं तेव्हा आकडा शंभराच्या बराच वर होता. थोडं थांबून आणखी एकदा टोचलं, तो तिथेच होता.

“आता परत,” सत्यवान म्हणाले.

“सदर ठिकाणाहून खडप किती लांब आहे ते बघा,” नर्मदाबाई म्हणाल्या.

सत्यवानांनी बघितलं. होडी आपसूक वाहत जाऊन खडप तीसेक हातांवर आला होता. प्रमाण मराठी ऐकून त्यांना इतकं हायसं वाटलं, की परत फिरायचा हट्ट त्यांनी सोडून दिला. नर्मदाबाई सावकाश पाण्यात उतरल्या. ह्या खेपेस सत्यवान डोळे उघडे ठेवून बसले होते. ती हात मारत गेली, पाण्यातून तिचं डोकं वर येत होतं, जात होतं. ते बघताना त्यांच्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत आपण हिला पोहताना कधी बघितलंच नाही. नर्मदाबाईंनी खडपाला हात लावला. नुसता लावला नाही, एक चापट मारली.

परत त्या होडीतून आल्या. किनाऱ्यावर टाळ्या वगैरे काही नव्हत्या. निलेशने मोबाइलच्या कॅमेऱ्यातून सगळं लांबून बघितलं होतं आणि हौसाबाईंनी त्याच्या खांद्यावरून. सत्यवानांचा हात बायकोच्या तोंडाशी गेलेला सगळ्या गावाला कळला होता. बाळा गावकर पुढे आला. त्याचा चेहरा देवळात असतो तसा झाला होता.

“सत्यवान, वैनीच्या तोंडात तू काय घातलंस?”

“सदर बाबतीत...” नर्मदाबाईंनी सुरुवात केली. पण सत्यवान त्यांच्या पुढे येऊन उभे राहिले. कवळी खिशात होती, धोतर भिजलं होतं, आणि पाय अजून होडीत असल्यासारखे हलत होते.

“गूळ घातलंय,” ते म्हणाले. “मगे साखर घातलंय. लागली तर परत घालतलंय.”

“आणि गाऱ्हाणा? तुझाच मा ता?”

“माझाच. ही मरतली म्हणान माका तेव्हा भय होता, बाळा. भय आजूनय आसा. पण आज मी हिका पवताना बघलंय. घरात बसान जगवलेली बायल माका नको. हीच व्हयी.”

बाळाने एकदा देवळाच्या कळसाकडे बघितलं, एकदा सत्यवानांकडे. “मगे देवाक मी काय सांगू?”

“सांग, मी घराकच आसंय,” सत्यवान म्हणाले. “येवदे आणि माका बघून घेवदे.”

नर्मदाबाईंनी नवऱ्याचा हात धरला. चारचौघांत त्यांनी तो लग्नानंतर पहिल्यांदाच धरला होता. हौसाबाई बघत होत्या, निलेश बघत होता, अख्खा गाव बघत होता.

“चला आता,” त्या म्हणाल्या. “उद्या परत जावचा आसा. आणि खाजा ताजा घेवा, ह्यां मऊ पडलेला.”